मामाजींच्या कबऱ्याचा जोडीदार

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात, आणि माझ्या समजुतीप्रमाणे अख्ख्या पृथ्वीवर, ड्रॅगन पाळायला घेण्याआधी त्याचे दात पाहायला मागणारा माणूस एकच आहे, आणि त्याच्या मुलीशी माझं लग्न झालेलं आहे. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. सेलूच्या पुढे आत वळलं की त्यांचं गाव लागतं. सत्तरी ओलांडलेली, अंगकाठी शेवग्याच्या शेंगेसारखी, खांद्यावर दुपट्टा, आणि डोळे असे की समोरच्या चार पायांच्या कुठल्याही वस्तूचं वय, स्वभाव आणि दुखणं एका नजरेत सांगावं. 'कुठल्याही वस्तूचं' हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या बैठकीतल्या टेबलाकडे पाहूनही ते एकदा म्हणाले होते, "मांगचा डावा पाय कच्चा हाय याचा." मी हसलो. दिवाळीच्या फराळाला ते टेबल चिवड्यासकट खाली बसलं.

त्यांच्या उमेदीच्या काळात पंचक्रोशीतला कोणताही कास्तकार बैल घ्यायला निघाला की आधी मामाजींकडे चहाला यायचा आणि त्यांना सोबत घेऊनच बाजारात जायचा. मामाजी बैल कधी समोरून पाहत नसत. "समोरून काय पाहाचं? समोरून तं सगळेच देखने दिसतेत," असं म्हणून ते मागे जाऊन उभे राहत आणि जनावर चालवायला लावत. माझ्या लग्नाच्या वेळी मुलगा पाहायला आले तेव्हा त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. पोहे झाल्यावर मी हात धुवायला मागच्या अंगणात गेलो, तेवढं मात्र त्यांनी मान वळवून पाहिलं. पुढे कितीतरी वर्षांनी सासूबाईंनी मला सांगितलं की घरी जाताना ते एवढंच म्हणाले होते, "पाय सरका पडते, वाकडा नाई. डोक्याचं मंग पाहू." ते डोक्याचं पाहणं अजून चालू आहे.

आता माझ्या डोक्याविषयी. मी वर्ध्यातल्या एका कार्यालयात कारकून आहे, वय त्रेचाळीस, आणि ही गोष्ट सुरू झाली त्या पावसाळ्यात मी खात्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो. म्हणजे तशी घरात समजूत होती. संध्याकाळी चहा घेऊन मी माडीवरच्या खोलीत जायचो, दार ओढून घ्यायचो, आणि कॉम्प्युटरवर एका मायावी राज्यात लांडगा घेऊन राक्षस मारायला निघायचो. त्या खेळाचं नाव सांगत नाही, साहेब वाचतात. तो इंटरनेटवरून हजारो लोक एकाच वेळी खेळतात. जंगलं, तळी, किल्ले, आणि शेकडो जातींची जनावरं. त्यातलं एखादं माणसाळवायचं आणि सोबती म्हणून वागवायचं, ही त्यातली मुख्य गंमत. माझ्याकडे लांडगा होता. चार महिने मी त्याच्यासह प्रत्येक लढाईतून पळून आलो होतो, आणि पळतानाही आम्ही दोघं सगळ्यांत मागे असायचो. दोष मी अर्थातच इंटरनेटला देत होतो.

त्या पावसाळ्यात मामाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते दोन महिने आमच्याकडे राहायला आले. डॉक्टरांनी त्यांना जिना चढायचा व्यायाम सांगितला होता, हे मला ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी पाठीमागून आवाज आला, "लांडगा तुमचा का, जवाईबापू?"

खुर्चीतून मी किती उंच उडालो ते सांगत नाही. पुस्तक पडद्यावर धरायच्या नादात चहा पुस्तकावर धरला.

"हो मामाजी. म्हणजे तसं अभ्यासाचंच..."

"मांगच्या उजव्या पायानं चोरून चालून राह्यला तो."

मी त्यांना समजावून सांगितलं की हा खरा लांडगा नाही, हे चित्र आहे, सगळे लांडगे एकाच साच्यातून काढलेले असतात. त्यांनी शांतपणे ऐकलं. "साच्यातून काढलेले असन. पन हा लंगडा हाय." सासऱ्यांचं समाधान करावं म्हणून मी त्या लांडग्याची कुंडली उघडली. खेळात प्रत्येक जनावराचं एक पान असतं, चार-पाच कळा दाबत आत गेलं की सापडतं. मी कधी गेलो नव्हतो. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं: जन्मदोष, मागचा पाय अधू, वेग निम्मा.

मामाजी खुर्ची ओढून शेजारी बसले. "अजून कोनकोनतं जनावर हाय यात?" त्यांनी विचारलं. मुलीला सांगतो, असं ते म्हणाले नाहीत. मीही तो विषय काढला नाही. आमच्यात आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी ठरलं होतं.

आठवडाभरात त्यांनी माझ्या जुन्या लॅपटॉपवर स्वतःचं खातं उघडून घेतलं. आपला नायक निवडायच्या पानावर त्यांचं बोट नको तिथे पडलं आणि मामाजी हिरव्या केसांची, कानाला टोक असलेली वनकन्या झाले. मी बदलून देतो म्हणालो. "राहू द्या. काम करनारी बाई दिसते," ते म्हणाले. पण खरी पंचाईत पुढे होती. आमच्याकडे जावई म्हणजे कायमचा पाहुणा. त्याला पुढचा पाट, त्याला आधी वाढणं, आणि त्याने सासऱ्यांशी बोलताना मान खाली. हे सगळं घेऊन आम्ही राक्षसाच्या गुहेत शिरलो. मी म्हणायचो, "मामाजी, आपण जरा मागे व्हावं," आणि ते म्हणायचे, "नाई, नाई, तुमी पाहुने. मी जातो समोर." मी म्हणायचो, "असं कसं, आपण मोठे." पहिल्या तीन लढायांत राक्षसाने आम्हाला मानपानातच मारलं. आमच्या टोळीची म्होरकी नाशिकची एक दंतवैद्य होती. आम्ही तिला कधी पाहिलं नाही, कानात फक्त आवाज यायचा. चौथ्या लढाईत ती ओरडली, "अहो काका, तो जावई असेल घरी! इथे त्याला ढकला पुढे!" तेव्हापासून मामाजी तिला फार मानतात.

जनावर निवडायची मामाजींची रीत पाहायला मग आमची टोळी कामधंदा सोडून जमायला लागली. डॉक्टरीणबाईंनी त्यांना आनंदाने एक ड्रॅगन देऊ केला. सोनेरी खवले, नाकातून धूर, बाकीच्यांचे डोळे पांढरे झाले. वनकन्येने त्याच्याभोवती मागून तीन फेऱ्या मारल्या. मग मामाजींनी मला विचारलं, "तोंड उघडून दाखवते का?" मी म्हणालो, आग ओकताना उघडतो. "मंग ओकाले सांगा." चार वेळा आग ओकायला लावून त्यांनी त्याचे दात पाहिले. वनकन्येचे केस जळले, तो भाग वेगळा. "म्हातारा हाय," त्यांनी निकाल दिला. "अना खांदा कच्चा. देखना हाय, पन कामाचा नाई." डॉक्टरीणबाई दाताच्या प्रकरणात हार मानणाऱ्या नव्हत्या. त्यांनी ड्रॅगनची कुंडली उघडली आणि थोड्या वेळाने कानात बारीक आवाज आला, "काका, वय नऊशे आहे."

मामाजींनी स्वतःसाठी जे घेतलं ते पाहून टोळीला वाटलं, काकांचं बोट पुन्हा नको तिथे पडलं. तळ्याकाठी एक राखी रंगाचा, ठिपक्याठिपक्यांचा रानगवा चरत असतो. नवशिक्यांनी तलवार कशी धरायची ते शिकण्यासाठी खेळवाल्यांनी तो तिथे ठेवला आहे. त्याला लोक मारतात, पाळत नाहीत. मामाजी दोन दिवस त्याच्या मागून चालले. "याचं पाऊल पाहा, जवाईबापू. घाई नाई, आळस नाई." आता खेळात जनावर धरायची पद्धत अशी, की आधी त्याला बाणांनी अर्धमेलं करायचं, मग जाळं टाकायचं, मग खायला द्यायचं. मी मोठ्या अभिमानाने बाण काढला तर मामाजी माझ्याकडे असे पाहायला लागले जणू मी जेवायच्या ताटात पाय ठेवला होता.

"ज्याले घरी न्यायचं त्याले पयले मारतेत का?"

"पण मामाजी, खेळाचा नियमच तसा आहे."

"नियम कोनं सांगतला? त्या गव्यानं?"

त्यांनी वनकन्येची सगळी हत्यारं उतरवून ठेवली, मूठभर गवत गव्यापासून लांब ठेवलं, त्याच्याकडे पाठ केली आणि नुसते उभे राहिले. अर्धा तास. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. मी त्या वेळात दोनदा चहा करून आणला. तिसऱ्या दिवशी गवा दोन पावलं पुढे आला, आणि त्याच्या डोक्यावर एक छोटं हिरवं पान उगवलं. कानात एकदम पंधरा माणसांचा गलका झाला. टोळीतले लोक सहा-सहा वर्षं तो खेळ खेळत होते, आणि असं काही पान असतं हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. रोज एक पान. नऊ पानं झाली आणि गवा आपण होऊन मागे चालायला लागला. मामाजींनी त्याचं नाव ठेवलं कबऱ्या. त्यानंतर कित्येक दिवस आमची शूर टोळी हत्यारं टाकून, पाठ फिरवून, माळावर जागोजागी नुसती उभी असायची. वाघ कान कसा हलवतो, गरुड कोणत्या पायावर आधी टेकतो, हे एकमेकांना सांगताना लोक लढायचं विसरून गेले. शेजारच्या टोळीला वाटलं आमचं इंटरनेट गेलं आहे.

कबऱ्या निघाला मात्र खरा. माझा लांडगा पळून जायचा त्याच्या बरोबर उलट्या दिशेला तो शांतपणे चालत जायचा. पण श्रावण संपता संपता आमच्या टोळीची एका महाराक्षसाशी गाठ होती, वर्षातून एकदाच येणाऱ्या, आणि ती नेमकी पोळ्याच्या दिवशी आली. डॉक्टरीणबाईंनी कबऱ्याला पहिल्या फळीत ठेवला होता. मामाजी म्हणाले, "आज नाई. आज त्याची सुट्टी."

"काका, राक्षस आज एकच दिवस येतो!"

"मंग त्याले सांगा, उद्या ये."

आदल्या दिवशी त्यांनी रीतसर कबऱ्याला आवतण दिलं होतं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, आणि सासूबाईंनी बैलाच्या खांद्याला चोळतात तसं लोणी-हळद लावून कॉम्प्युटरच्या पडद्याची खांदमळणी केली होती. त्या तेवढ्यासाठी गावाहून आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य पडद्यासमोर ठेवला, पडद्याला कुंकू लावलं, आणि बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघत म्हणाली, "परीक्षेचा अभ्यास जोरात चालू दिसते." महाराक्षसाने त्या दिवशी आमची टोळी धुऊन काढली. मामाजींनी कानातला आवाज बंद करून पोळी खाल्ली.

गुडघा बरा झाला आणि ते माझा जुना लॅपटॉप, त्याची किंमत जबरदस्तीने माझ्या हातात ठेवून, गावाला घेऊन गेले. तिथून रोज सकाळी आठला त्यांचा फोन यायचा आणि विषय एकच, कबऱ्याची जोडी. खेळात सोबती एकच ठेवायचा असतो. दुसरा घेतला तर तो तबेल्यात उभा राहतो. हे मी त्यांना दहा वेळा सांगितलं. "एकटं जनावर जनावर नसते, जवाईबापू," ते म्हणायचे, "ते अर्धं असते." तीच उंची हवी, तीच शिंगं, तीच चाल. दिवाळीपासून हुरड्यापर्यंत ते मायावी राज्यातला एकेक माळ पालथा घालत होते. किती गवे पाहिले असतील कोण जाणे. एक बोटभर उंच, एकाचं पाऊल उतावीळ, एक दिसायला हुबेहूब पण "नजर बदमाश." आणि एका सकाळी फोन आला तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला होता, जसं कोणी शेजारी झोपलं आहे. "सापडला," ते म्हणाले. "हाच तो. डोंगराच्या मांगं हाय."

सहा पानं झाली आणि कारंज्याला त्यांच्या पुतणीचं लग्न निघालं. पाच दिवस जाणं भाग होतं आणि एक दिवस चुकला तर सगळी पानं गळतात. त्यांनी फोन केला. इतक्या वर्षांत त्यांनी मला सांगितलेलं हे पहिलं काम. "काई करू नोका. गवत ठेवजा, पाठ करजा, उभे राहजा. आठव्या पानाले ते जवळ येऊन नाक लावीन. तवा तं अजिबात हलू नोका. नवव्याले येते ते आपल्या मनानं." मी म्हणालो, मामाजी, निश्चिंत असा. हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा उच्चारलं आहे तेव्हा तेव्हा कोणाचं तरी काहीतरी मोडलं आहे.

सातवं पान उगवलं. आठव्या पानाच्या दिवशी, ऑफिसला जायच्या आधी, हातात चहा घेऊन मी वनकन्येची पाठ करून उभा होतो, कारण खातं मामाजींचंच वापरायचं होतं. गवा आला आणि त्याने खरंच नाक लावलं. मला काय झालं ते प्रामाणिकपणे सांगतो. आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली, पण या माणसाने माझ्या हातून कधी काही घेतलेलं नाही. लेकीच्या घरचं घ्यायचं नसतं, ही त्यांची जुनी रीत. स्वेटर नेला तर परत, चष्मा करून दिला तर त्याच्या बदल्यात तुरीची डाळ घरात येऊन पडते. ऑपरेशनच्या दोन महिन्यांत ते आमच्याकडे जेवले त्यापेक्षा जास्त गहू त्यांनी घरी आणून टाकला. मला वाटलं, ही एक वस्तू ते परत करू शकणार नाहीत. कारंज्याहून येतील आणि पाहतील तर जावयाने जोडी बांधून ठेवलेली. नवव्या पानाची वाट कशाला? आठवं आलंच आहे, नाक लावलंच आहे. मी फास टाकला.

गवा उसळला. आठही पानं एकदम गळाली. पडद्यावर अक्षरं आली: या प्राण्याचा विश्वास उडाला आहे. तो पुन्हा दिसणार नाही. आणि डोंगरामागे एक राखी ठिपका लहान लहान होत गेला.

यानंतर सभ्य माणसाने फोन करून सांगितलं असतं. मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. दोन दिवस आम्ही तसाच दिसणारा गवा शोधला, नदीच्या पलीकडे सापडला, आणि वेळ नव्हता म्हणून जुन्या पद्धतीने धरला. तो मी मामाजींच्या तबेल्यात कबऱ्याच्या शेजारी नेऊन उभा केला. लांबून तर मलाही फरक कळत नव्हता. जवळूनही नव्हता. मग मी कारंज्याला निरोप पाठवला: जनावर आलं, आपल्या मनानं.

लग्न आटोपून ते घरी पोचले आणि तासाभरात फोन वाजला.

"जवाईबापू, हे जनावर आपल्या मनानं आलं?"

"हो मामाजी. म्हणजे, जवळजवळ."

"मंग मी जवळ गेलो का ते कान मांगं काऊन घेऊन राह्यलं?"

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"हा तो नोय," ते म्हणाले. आणि मग, नेहमीच्या आवाजात, "बरं. जेवले का तुमी? ठेवतो."

दुसऱ्या दिवशी आठला फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन फोनकडे बघत बसायचो. शेवटी बायकोने विचारलं आणि मी सगळं ओकलो, ड्रॅगनसारखं. ती हसेल असं वाटलं होतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"चांद्याचं तुम्हाला कोणी सांगितलंच नाही का?" ती म्हणाली.

चांद्या त्यांचा शेवटचा बैल. जोडीतला दुसरा आजारी पडून गेला. मामाजी, ज्यांनी साऱ्या पंचक्रोशीच्या जोड्या जमवून दिल्या, ते स्वतःच्या बैलाचा जोडीदार शोधत एक अख्खा हंगाम बाजार-बाजार फिरले आणि त्यांना तो मिळाला नाही. बोटभर उंच, पावलाने उतावीळ, काही ना काही. लोक म्हणाले, चालवून घ्या कसाही. त्यांनी घेतला नाही. त्या पोळ्याला गावातल्या सगळ्या जोड्या तोरणाखाली दोन-दोन उभ्या, आणि चांद्या एकटा. "बाबा दोर घेऊन त्याच्या बाजूला उभे राह्यले," बायको म्हणाली. "दुसऱ्या बैलाच्या जागी. तोरण तुटून पोळा फुटेपर्यंत. मी लहान नव्हते, कॉलेजात होते. मला लोकांची लाज वाटली तेव्हा." पुढच्या पोळ्याच्या आत चांद्या गेला. मग ट्रॅक्टर. तेव्हापासून त्यांना बाजारात घेऊन जायला कोणी आलं तर गुडघ्याचं कारण सांगत. गुडघा तेव्हा ठणठणीत होता.

रविवारी मी एकटाच सेलूची बस धरली. वाटेत चार प्रकारची माफी पाठ केली, त्यातली एक तर बरीच साहित्यिक होती. मामाजी सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, खाटेवर बसले होते, समोर स्टुलावर लॅपटॉप. मी वाकून नमस्कार केला आणि पाठ केलेलं सगळं विसरून म्हणालो, "मामाजी, मी फास टाकला."

"समजलं मले," ते म्हणाले. "बसा. पयून गेलं ते गेलं. तुमी एकट्यानं नाई घालवला तो. मीच लग्नाले गेलतो ना." थोडा वेळ ते दुपट्ट्याने चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "पन याले काऊन मारलं?"

"याला?"

"हा जो आनला त्याले. कितीक मारलं?"

विचारायची तऱ्हा अशी की जणू जनावरांच्या दवाखान्यात आलो आहे आणि खोटं बोललो तर औषध चुकेल. मी म्हणालो, "सहा बाण. मग जाळं." मामाजी बघत राहिले. "आणि डॉक्टरीणबाईंनी एक वीज पाडली."

"ईज पाडली!"

आतून सासूबाई पोळपाट घेऊनच बाहेर आल्या. "बाप्पा! ईज पाडली जनावरावर?"

इतकी शरम मला खात्याच्या परीक्षेत दोनदा नापास झालो तेव्हाही वाटली नव्हती. मी म्हणालो, सोडून देतो मामाजी त्याला, परत नदीपलीकडे नेऊन. "सोडता काऊन?" ते म्हणाले. "आता तो घरी आला." आणि मग कळलं की गेला आठवडाभर ते रोज सकाळी आठला, म्हणजे ज्या वेळी मी फोनकडे बघत बसलो होतो त्याच वेळी, हत्यारं उतरवून त्या गव्याजवळ पाठ करून उभे राहत होते. जाळ्यात धरलेल्याला पान येत नाही, हे त्याच्या कुंडलीतच बारीक अक्षरात लिहिलं होतं. त्याचं पान येणारच नव्हतं. ते तरी उभे राहत होते. "काल त्यानं कान समोर केले," मामाजी म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर असं काही आलं की मी दुसरीकडे पाहिलं.

मी विचारलं, "जोडी होईल मामाजी?"

"उंचीत बोटभराचा फरक हाय." त्यांनी दुपट्टा खांद्यावर सारखा केला. "चालवून पाहू."

एका माणसाला एकच सोबती नेता येतो. म्हणून त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि मला मोबाइलवर माझं खातं उघडायला लावलं. मी नव्या गव्याला आपल्याकडे घ्यायला लागलो, तर म्हणाले, "तो माह्याकडं राहू द्या. तुमी कबऱ्याले घ्या."

"मामाजी, कबऱ्या तुमचा..."

"घ्या. तो शायना हाय. तुमाले सांभाळून घेईन."

सपरीत उन्हाचा पट्टा खाटेपर्यंत आला होता. आम्ही दोघं खाटेवर शेजारी शेजारी, आणि पडद्यावर हिरव्या केसांची वनकन्या आणि मी, आपापला गवा घेऊन माळावरून निघालो. कबऱ्या डाव्या अंगाला, नवा उजव्या. नवा बिचकायचा, थांबायचा. मी कळ जोरात दाबायचो आणि कबऱ्या दहा पावलं पुढे. "जवाईबापू, बोट हलकं ठेवा." मी हलकं ठेवलं तर मागे पडलो. कानात डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "काका, तुम्ही दोघं तिकडे काय करताय? तिकडे काहीच नाहीये. ना राक्षस, ना खजिना."

"चालवून पाह्यतो, बाई."

"कशासाठी?"

"पाय मिळतेत का ते."

थोड्या वेळाने त्यांचा लाल टोपीवाला योद्धा लांब टेकडीवर येऊन नुसता उभा राहिलेला दिसला, हत्यार खाली ठेवून.

तळ्याच्या अलीकडे उतार लागतो. तिथे नवा जरा सैल झाला आणि माझं बोटही. दोन पावलं, मग चार, मग पाच-सहा पावलं दोन्ही जनावरांचे पाय एकदम पडायला लागले. मी तोंड उघडलं. मामाजींनी पडद्यावरची नजर न काढता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे बोलू नका. हात तसाच राहू दिला त्यांनी. मी तोंड मिटलं, आणि आम्ही चालत राहिलो.